खुरसापुढे पॅरिसचं गाऱ्हाणं

देवगड,
ता. ११ जानेवारी १९८७

चि. पास्कू यास,

कायतानमामाचे अ. उ. आ. आशीर्वादाला वर कोणीतरी असावा लागतो, असं तुमच्या सेमिनरीत शिकवत असतील. माझे आशीर्वाद घरगुती बनावटीचे आहेत, चालवून घे.

तुझं नाताळचं पत्र मिळालं. पाकीट इतकं जाड, की पोस्टमनला वाटलं शाळेचे परीक्षेचे पेपर आले. पहिल्या वाचनात काही कळलं नाही. दुसऱ्यात जे कळलं त्याचा राग आला. पॅरिसमधल्या काही विद्वानांनी म्हणे असं ठरवून टाकलं आहे, की जगाच्या सगळ्या मोठ्या गोष्टी आता संपल्या. देवाची संपली, क्रांतीची संपली, विज्ञानाची आणि प्रगतीचीही संपली. इथून पुढे ज्याची त्याची छोटी गोष्ट. याला तुम्ही लोक 'आधुनिकोत्तर' म्हणता. अरे, देवगडला अजून आधुनिकच येऊन पोचायचं आहे. वस्तीची एस.टी. सकाळी मुलांकडून ढकलून घ्यावी लागते, आणि तुम्ही आधुनिकाच्याही पलीकडे जाऊन पथारी टाकलीत!

नव्या वर्षाला मालवणात जाऊन आलो. तुझी आई म्हणजे माझी एकुलती बहीण, तेव्हा तिच्याविषयी मी वाईट लिहू शकत नाही. तीही माझ्याविषयी फक्त नवस बोलते. तुला डिसेंबरात पाद्रीपणाची दीक्षा मिळणार म्हणून तिने घर आतापासून डोक्यावर घेतलं आहे. तुझे वडील गेल्यापासून तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. तू वेदीवर पहिली उपासना चालवशील त्या मिसेच्या जेवणासाठी दोन डुकरं पोसायला घेतली आहेत. मी मागच्या दारी जाऊन त्यांची चौकशी केली. बिचारी तुझ्या भक्तीच्या भरवशावर खाऊन खाऊन लठ्ठ होताहेत.

साप्ताहिकातलं माझं सदर चालू आहे. गेल्या महिन्यात एक आमदार, एक पुजारी आणि एक पाद्री असे तिघे रागावले. तिन्ही धर्मांना समान न्याय दिल्याचं समाधान आहे. तुझ्या नाताळच्या पत्रात विनोद एकही नव्हता, हे मात्र मला आवडलं नाही. तब्येत सांभाळ.

लोभ आहेच. वाढवायचा की आहे तेवढाच ठेवायचा, ते तुझं उत्तर वाचून ठरवीन.

तुझा,
कायतानमामा

†

पुणे,
ता. २ फेब्रुवारी १९८७

ति. कायतानमामांस,

पास्कूचा सा. न. वि. वि. साष्टांग लिहितो खरा, पण इथल्या थंडीत गुडघ्यांशिवाय दुसरं कुठलंच अंग फरशीला लावायची छाती होत नाही.

मामा, तुम्ही चुकीच्या जागी रागावलात. तुम्हाला वाटलं पॅरिसवाल्यांनी देवावर दगड टाकला. तो तुमच्या कौलांवर पडला आहे.

तुम्ही चर्च का सोडलंत ते आईने मला सांगितलं आहे. भिकाजी तांडेल, तुमचा जिवाचा मित्र, होडीसकट बुडाला. आणि त्या वेळच्या पाद्रीबाबांनी पुलपितावरून, त्या प्रवचनाच्या उंच ओट्यावरून, खात्रीने सांगितलं, की बाप्तिस्मा नसलेला माणूस मेल्यावर कुठे जातो. तुम्ही भर मिसेतून उठलात ते परत गेला नाहीत. तुम्ही देवाच्या जागी बुद्धी बसवलीत आणि वर्गात तिची पूजा सांगू लागलात. आता हे लोक विचारतात, की या बुद्धीला पुलपितावर कोणी चढवलं? तीही तितक्याच खात्रीने बोलली, आणि तिच्या खात्रीपायीही माणसं नरकात गेली. मरण्याचीसुद्धा वाट न पाहता. सुधारणेच्या नावाने मुलुख लुटले गेले, शास्त्राच्या नावाने शहरं जाळली गेली.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आम्हाला हसणारे ज्या उंचवट्यावर उभे होते तो उंचवटाच गेला. आमचे बेल्जियन प्राध्यापक म्हणतात, की नास्तिकांची खुर्ची काढून घेतली आहे, आता आपण निवांत आत येऊन बसावं.

पण बसायला गेलो आणि कळलं, की मलाही खुर्ची नाही, पाट आहे. आणि शेजारी असे पुष्कळ पाट मांडले आहेत. पिंगुळीचे चित्रकथी आपापली पोथी उघडून आपापली कथा सांगतात, तसं मीही म्हणावं, की आमच्या पोथीत येशू मेलेल्यांतून उठतो. कोणाची हरकत नाही. पण मामा, वेदीपाशी उभं राहून 'आमच्या पोथीत' असं म्हणता येत नाही. आणि हे सगळ्या जगासाठी खरं आहे असं म्हणायला तोंड उघडलं, की माझ्या घशातून ते जुने पाद्रीबाबा बोलताहेत असं वाटतं.

डिसेंबरात बिशप मला सगळ्यांसमोर विचारतील आणि मला हो म्हणायचं आहे. म्हणता येईल का ते मला ठाऊक नाही. नसेल म्हणता येत तर आताच बाहेर पडायला हवं. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. कृपा करून तुम्हीही सांगू नका. आणि डुकरांना तर मुळीच नको. (विनोद मागितला होतात, एवढाच निघाला.)

आपली माया अशीच राहो, निदान शेरे मारण्यापुरती तरी.

आपला,
पास्कू

†

देवगड,
ता. १५ फेब्रुवारी १९८७

चि. पास्कू यास,

अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी आधी टाळी वाजवली. घरात एकटाच होतो, त्यामुळे ऐकू फक्त मांजराला आली. या घराण्यातून दुसरं कोणी तरी त्या दारातून बाहेर यावं, म्हणून मी किती वर्षं वाट पाहतो आहे! लगेच कामाला लागलो. इथे ज्युनिअर कॉलेज सुरू होतं आहे आणि तत्त्वज्ञान-तर्कशास्त्राला माणूस मिळत नाही. हेडमास्तर माझ्या शब्दाबाहेर नाहीत, कारण त्यांच्यावर मी अजून सदर लिहिलेलं नाही. तुझं नाव न घेता जागा धरून ठेवली आहे.

टाळी वाजवून झाल्यावर मात्र राग आला. बुद्धी ही पण एक पोथीच, असं तू कोणाला सांगतोस? माझ्या वर्गातला फ्यूज उडतो तेव्हा तो विचारत नाही, की तुमची कथा कुठली आणि माझी कुठली. शास्त्र शिकवणाऱ्या माणसाला असं बोलायचं म्हणजे रेडीच्या लोहखनिजाच्या गोदीवर जाऊन लोखंड हा एक दृष्टिकोन आहे असं सांगण्यासारखं झालं.

तरीही खरं ते लिहायला हवं. रागाच्या भरात मी चार दिवस फिरलो आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी तुझे ते लबाड पॅरिसवाले मला थोडे थोडे आवडू लागले. देवाला खाली खेचणारे मी पुष्कळ पाहिले, मीही त्यातलाच. पण तो खाली आला रे आला की आम्ही त्याच जागी दुसरं काही तरी बसवलं, हार घातला आणि पुन्हा हात जोडले. कोणी राष्ट्र बसवलं, कोणी पक्ष, मी प्रयोगशाळा. या लोकांनी ती जागाच रिकामी करायला घेतली. अरे, हे तुमच्या जुन्या करारातल्या संदेष्ट्यांचं काम! बैल सोन्याचा असो की लोखंडाचा, फोडा. देव न मानणाऱ्या माणसांनी तुमच्या देवाचं इतकं जुनं काम पुन्हा हातात घ्यावं आणि तुम्हा सेमिनरीवाल्यांना ते दिसू नये, याला काय म्हणावं?

हे लिहून माझा माझ्याच बाजूवर गोल झाला. असो. पत्र फाडत नाही, कागद महाग आहे.

माझं एक ऐक. निकाल पुण्यात लावू नकोस. मे महिन्यात वाडीतल्या क्रूसाच्या, आपल्या खुरसाच्या, फेस्ताला म्हणजे सणाला मालवणात ये. यंदा फेस्त करायची पाळी तुमच्याच घरची आहे. वाडीतली माणसं बघ, आईच्या हातचं जेव आणि मग ठरव. मी येणार नाही. मी त्या खुरसाकडे जात नाही हे सबंध वाडीला ठाऊक आहे, खुरसालाही असेल. आंबे पाठवीन.

माझ्या लोभाची काळजी करू नकोस. तू पाद्री झालास तरी तो चालू ठेवीन.

तुझा,
कायतानमामा

†

मालवण,
ता. ४ मे १९८७

ति. कायतानदादास,

रुजायचो नमस्कार. पत्र मालवणीतच लिवतंय. शाळेतल्यासारखी लाल शाय घेवन बसा नको.

पेटी इली, तू नाय इलंस. आंब्यांका पाय फुटले, तुका नाय. असूंदे.

फेस्त बरा झाला. लादाइनीक, खुरसापुढची प्रार्थना गावूक, सगळी वाडी इली होती, आपली नि हिंदूंची पण. मेणबत्त्ये वाऱ्यान इजत होते, पोरा परत परत लायत होती. गावन मस्त झाला. पण मिंगेलकाको बिछान्यार पडान आसा, तेवा लादाइन झाल्यार गाऱ्हाणा कोण घालतलो, म्हणान सगळे एकामेकाचा तोंड बघूक लागले. तुका ठावक आसा, तो खुरसाकडे तोंड करून एक एक बोलता नि आमी मागसून व्हय म्हाराजा म्हणतंव. त्येच्याबगर चणे वाटूक कसे?

तेवढ्यात आपलो पास्कू उठलो नि मिंगेलकाकाच्या जाग्यार जावन उबो रवलो. दादा, काय सांगू तुका! असा गाऱ्हाणा मिंगेलकाकान जल्मात घालूक नाय. सगळ्यांच्या मनातला बोललो. सगळी वाडी व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा. सुभद्रावैनी सगळ्यात मोठ्यान म्हणी होती. भिकाजी गेल्यापासून ती वर्साचे वर्सा खुरसाकडे मेणबत्ती लायता नि गपचूप घराक जाता, तोंडातसून शबूद काढूक नाय होतो. काल काढल्यान. लवू तांडेल म्हणता, पुढच्या वर्सा पण ह्योच व्हयो.

लोकांका वाटला गाऱ्हाणा. पण मी त्येची आवय. माका कळला. पोरगो काल जेवलो नाय.

तुझा नि त्येचा काय तरी चल्ला आसा, ता माका आधीच कळलेला. तुमच्या पत्रांचे पाकिटा बघून कळला, पोटात दुखल्याबगर कोण एवढा लिवणा नाय. माका काय सांगू नको. पण त्येका काय लिवशीत ता नीट लिव. पाद्री होवंदे नायतर नको होवंदे, तुझ्यासाठी नको नि माझ्यासाठी पण नको. डुकरांचा काय ता आमी बघून घेव.

पेटीतले चार आंबे डागी निघाले. मया मात्र डागी धाडू नको.

तुझी,
रुजाय

†

मालवण,
ता. ५ मे १९८७

ति. कायतानमामांस,

सा. न. वि. वि.

आईने तुम्हाला काय लिहिलं आहे याची मला कल्पना नाही. म्हणून काय झालं ते मीच लिहितो. मी परवा संध्याकाळी खुरसापुढे स्वतःची पुरती शोभा करून घेतली.

डीकन झालेला, म्हणजे पाद्रीपणाच्या आधीची पायरी चढलेला, माणूस घरचा, पाळी घरची, तेव्हा लादाइनीनंतर प्रवचन माझं अशी मी समजूत करून घेतली होती. खुरसाच्या महिम्यावर एक नेटकं प्रवचन पाठ केलं होतं. उभा राहिलो आणि ते तोंडातून निघेना. समोर एवढी ओळखीची माणसं. त्यांच्यापुढे पाठ केलेलं बोलणं मला चोरीसारखं वाटलं. मग म्हटलं, जे आहे तेच बोलू.

सेमिनरीत आम्हाला शिकवलं आहे, की एक वाक्य बोलावं आणि थांबावं, म्हणजे ऐकणाऱ्याला विचार करायला वेळ मिळतो. मी म्हटलं, की आम्ही पाद्री लोक सांगतो सगळ्या जगाची गोष्ट एकच आहे. आणि थांबलो. सबंध वाडी एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणाली.

माझ्या लक्षात आलं नाही, मामा! इतकी वर्षं पुण्यात काढून मी विसरलो होतो, की मी मिंगेलकाकांच्या जागेवर आणि मिंगेलकाकांच्या वेळेला उभा आहे. मला वाटलं माझं म्हणणं त्यांना पटतंय. म्हणून घाईघाईने पुढचं बोललो. ही एकच गोष्ट सांगणाऱ्यांच्या दुसऱ्या हातात काठी होती, असं म्हटलं. व्हय म्हाराजा. शब्दामागे शब्द लागतो आणि अर्थ पुढेच सरकत राहतो, मुठीत येत नाही, असं म्हटलं. व्हय म्हाराजा. मला आता कशाचीच खात्री वाटत नाही, असं म्हटलं तेव्हा तर आवाज दुप्पट झाला. कोणी तरी दचकावं, कोणी उठून जावं, एखाद्या म्हातारीने कपाळावर क्रूस काढावा म्हणून मी वाट पाहत होतो. मी भर वाडीत धर्मभ्रष्ट होत होतो आणि वाडी मला अनुमोदन देत होती.

शेवटी त्यांच्याकडे बघवेना. पाठ फिरवली. आता समोर खुरीस. बोलायचं थांबवता येईना, तेव्हा त्यालाच म्हटलं, की तू खरोखर आहेस की तुझी नुसती गोष्टच आहे हे मला कळत नाही, आणि तरी डिसेंबरात तू माझ्याकडून हो म्हणून घेणार आहेस. मागून व्हय म्हाराजा. त्यात सुभद्रामावशींचा आवाज मला वेगळा ऐकू आला. मी बाजूला सरकलो.

लोकांनी चणे आणि खोबरं वाटायला घेतलं. लवू तांडेलने येऊन पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, की बाकी सगळा झकास झाला, फक्त मासळीचा मागूचा रवला.

मी माझी शंका माणसांपुढे ठेवायला गेलो होतो. त्यांनी ती उचलून देवापुढे ठेवली. मला विचारलंसुद्धा नाही.

मामा, तुम्हीच सांगा. तुमच्या हेडमास्तरांना हो कळवू की सेमिनरीच्या रेक्टरांना? तुम्ही आयुष्यभर या प्रश्नाच्या बाहेर उभे आहात, तुम्हाला नीट दिसत असेल. तुम्ही लिहाल ते मी करीन. परवा पुण्याला निघतो आहे.

आईला वाटतं मला उष्णता झाली आहे. तुमच्या मायेत मात्र उतार पडू देऊ नका.

आपला,
पास्कू

†

देवगड,
ता. १७ मे १९८७

चि. पास्कू यास,

अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. आधी एक पत्र लिहून झालं होतं, फार चांगलं उतरलं होतं. त्यात तुझी, वाडीची, बिशपची आणि पॅरिसची अशी मिळून चेष्टा होती. पाकिटात घालताना पुन्हा वाचलं आणि सदरासाठी ठेवून दिलं. हे दुसरं.

तू म्हणतोस मी बाहेर उभा आहे, मला नीट दिसत असेल. तुझ्याच पॅरिसवाल्यांनी मला सांगितलं आहे, की बाहेर अशी जागा नसते. सगळ्यांना वरून बघायला मिळेल अशी गच्ची कोणालाच दिलेली नाही. पोपला नाही, शास्त्र्याला नाही, देवगडच्या मास्तरालाही नाही. इथवर ते बरोबर आहेत आणि मी टोपी काढतो. पण गच्ची नाही म्हणून खेळच बंद, असं जे त्यांचं पुढचं म्हणणं, तिथे तुझी वाडी त्यांना भेटायला हवी होती. गच्ची नाही तर नाही; आम्ही वाळूत उभे राहून बोलतो, तू ऐक, असं म्हणणारी माणसं त्यांनी पाहिलेली नाहीत.

पाद्री हो.

होय, मीच लिहितो आहे, आणि पूर्ण शुद्धीवर आहे. का ते सांगतो. मला त्या दाराबाहेर शंकेने काढलं नाही. खात्रीने काढलं. त्या माणसाला सगळं ठाऊक होतं. भिकाजी कुठे गेला तेसुद्धा. भिकाजीच्या बायकोलाही ते ऐकावं लागलं. त्यानंतर मी जे जे पाद्री पाहिले ते असेच ठाऊक असणारे. ठाऊक नाही, तरी देवाची पाठ न सोडता त्यालाच विचारत उभा आहे, असा माणूस मला भेटलाच नाही. भेटला असता तर मी काय केलं असतं कोण जाणे. कदाचित तरीही उठून गेलो असतो, पण दार आपटलं नसतं.

खात्री वस्तूची करून घेतात. वजन करून, कापून, तापवून. ते माझं खातं. माणसावर माणूस भरवसा टाकतो, तो खात्री झाल्यावर नव्हे. झाली असती तर टाकायला उरलं काय? तुझ्या डोक्यातली ही दोन खाती आम्ही सगळ्यांनी मिळून एकत्र केली होती. पॅरिसने ती वेगळी केली. न मानणाऱ्यांनी मानणाऱ्यांवर केलेला एवढा मोठा उपकार मी दुसरा पाहिला नाही, आणि त्यांना तो कळलेलाही नाही.

सुभद्रा बोलली हे तू आणि रुजायने दोघांनीही लिहिलं. ते वाचून चष्मा पुसला. चष्म्याला काही झालं नव्हतं.

देवाशी माझं अजून बोलणं नाही आणि होईल असं चिन्हही नाही. तेव्हा हे मत त्याच्या वतीने नाही. हेडमास्तरांना मी सांगतो काय सांगायचं ते.

लोभ होता तो वाढला आहे. उगाच फुगून जाऊ नकोस.

तुझा,
कायतानमामा

†

पुणे,
ता. ३ जून १९८७

ति. कायतानमामांस,

सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी ते उघडलं नाही. टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसलो. तुम्ही नको लिहिलं असतंत तर मी थांबलो असतो. हो लिहिलं असतंत तर मी तुमच्या जिवावर पाद्री झालो असतो, आणि पुढे कधी वैतागलो की तुम्हाला बोल लावला असता. म्हणून पाकीट खिशात घालून रेक्टरांकडे गेलो आणि मालवणचं सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, की या शंका तू लोकांपासून लपवशील का? मी म्हटलं, की ती वेळ गेली. मी त्या सगळ्या वाडीला ओरडून सांगितल्या आहेत आणि वाडीने मंजूर केल्या आहेत. ते इतके हसले, की शिपाई डोकावून गेला. मग मी हो म्हटलं. ते हो सगळं समजलेल्याचं नव्हतं, हजर आहे म्हणणाऱ्याचं होतं.

बाहेर येऊन व्हरांड्यात तुमचं पत्र उघडलं. मामा, तुम्ही असं लिहाल हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. बरं झालं आधी वाचलं नाही. वाचलं असतं तर तुमच्यावरच श्रद्धा बसली असती.

एक गोष्ट आता मला दिसते. मी समजत होतो, की पाद्र्याने सत्य हातात घेऊन लोकांकडे तोंड करून उभं राहायचं असतं. तसा उभा राहिलो की ते जुने पाद्रीबाबा माझ्या घशात येतात. त्या संध्याकाळी मी पाठ फिरवली तेव्हा लोकांचं तोंड जिकडे होतं तिकडेच माझं झालं, एवढाच फरक पडला. मी त्यांच्यापेक्षा थोडा पुढे होतो, वर नव्हतो. तिथून मला हे सगळ्या जगासाठी म्हणता येतं. लादता येत नाही, पण म्हणता येतं. पॅरिसची पुस्तकं मी परत केलेली नाहीत. ती बायबलाशेजारीच ठेवली आहेत. माझ्या देवाची मूर्ती होऊ लागली की ती मला उपयोगी पडतील.

आता मागणं. डिसेंबरात वाडीतल्या पहिल्या मिसेला तुम्ही यायचं. पुढच्या बाकावर बसायचं. प्रार्थना करू नका, गुडघे टेकू नका, फक्त ऐका; आणि माझ्या बोलण्यात कुठे तो खात्रीचा सूर लागला की खोका. मी तिथे थांबेन. हे काम दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही, बाकी सगळे माझ्यावर माया करतात.

तुम्हीही करता हे मला ठाऊक आहे, पण तुम्हाला खोकता येतं.

आपला,
पास्कू

†

देवगड,
ता. ३० डिसेंबर १९८७

पाद्री पास्कोल यांस,

परवापर्यंत तू चि. होतास, आता रीतीप्रमाणे ति. झालास. माझ्याच मांडीवर ओला झालेल्या माणसाला तीर्थ म्हणायचं मला जमत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं. आशीर्वाद मात्र यापुढे तूच द्यायचे. माझा घरगुती कारखाना बंद.

मिसेनंतर गर्दीत तुझ्याशी नीट बोलता आलं नाही. लोक तुझे हात चुंबायला रांगेत आणि मी सदऱ्याची बटणं चाचपत कोपऱ्यात. जेवणही भरपूर झालं. डुकरांविषयी दोन मिनिटं मौन पाळून मीही बसलो. शेवटची एस.टी. चुकू नये म्हणून निघालो.

नेमलेल्या कामाचा अहवाल देतो. पुढच्या बाकावर बसलो. सुभद्राने सरकून जागा दिली, इतकी सहज, की मी दर रविवारी येत असेन असं कोणाला वाटावं. तू बोलायला उभा राहिलास तेव्हा मी घसा साफ करून तयार होतो. शिक्षकाचा पेशा, चूक पकडायला पगार न घेता बसलो होतो. तू सुरुवात केलीस. मी वाट पाहिली. पुढे गेलास. मी वाट पाहिली. एकही जागा सापडली नाही, पास्कू! इतक्या वर्षांत असं रिकाम्या हाताने मला कोणी परत पाठवलं नव्हतं.

मग तू म्हणालास, की ही गोष्ट माझी नाही, मला ती पुरती कळलेलीही नाही, पण जिच्याकडे तोंड करून माझी माणसं उभी आहेत तिच्याकडेच मीही बघतो आहे. आणि नेमका तिथे मला खोकला आला. खराखुरा. मेणबत्त्यांचा धूर असेल, डिसेंबरचं वारं असेल. पुढच्या बाकावरून खोकलो असतो तर ठरल्याप्रमाणे तू थांबला असतास, आणि थांबावं असं तिथे काही नव्हतं. म्हणून तोंडात रुमाल कोंबून तो गिळला. डोळ्यांतून पाणी आलं ते त्या खोकल्याचं. रुजाय पलीकडच्या बाकावरून बघत होती. तिची दुसरीच काही समजूत झाली असेल तर ती काढायचं काम आता तुझं.

माया तुझ्याकडेच ठेवून आलो आहे. नेहमीच्या पत्त्यावर परत पाठवू नकोस.

तुझा,
कायतानमामा